ब्रोकाचा तराजू आणि आपण

१

मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पॉल ब्रोका हा फ्रेंच शल्यविशारद एका परिच्छेदापुरता येतो. मेंदूच्या डाव्या अग्रखंडातील एका भागाला 'ब्रोकाचे क्षेत्र' म्हणतात, त्या भागाला इजा झाली की माणसाची वाचा जाते, आणि हे ब्रोकाने १८६१ साली दाखवून दिले, एवढे विद्यार्थी पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि पुढे जातो. त्यात चूक काहीच नाही. पण ह्याच ब्रोकाने १८७२ साली नाकाची रुंदी आणि उंची ह्यांच्या प्रमाणावरून मानवसमूहांचे वर्ग पाडण्याचे गणित सिद्ध केले, आणि पुढे हेच गणित ह्या देशातल्या जातींच्या नाकांना लावले गेले, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही.

एकाच माणसाच्या संशोधनाचे असे दोन वारसे आहेत. एक इस्पितळात गेला, दुसरा जनगणनेच्या कचेरीत गेला. पहिल्याचा गौरव आजही होतो, आणि तो योग्यच आहे. दुसऱ्याचा हिशेब मात्र आपणच मागितला पाहिजे, कारण ती मोजपट्टी ज्यांच्या तोंडावर ठेवली गेली त्यांत आपले बापजादे होते.

ब्रोकाला शिव्या घालण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. शिव्या घालून सुटका होत असती तर फार सोपे झाले असते. ब्रोका खोटारडा असता तर त्याचे खोटे उघडे पाडून आपल्याला घरी जाता आले असते. अडचण अशी की तो प्रामाणिक होता, परिश्रमी होता, आणि आपल्या काळाच्या मानाने पुरोगामीही होता. अशा माणसाच्या हातून विषमतेचे शास्त्र कसे घडते हा खरा प्रश्न आहे, आणि तो पॅरिसपुरता नाही.

२

ब्रोका १८२४ साली नैर्ऋत्य फ्रान्समधल्या एका छोट्या गावात, प्रॉटेस्टंट घरात जन्मला. बाप डॉक्टर होता. मुलगा पॅरिसला शिकला, शल्यविशारद झाला, आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १८५९ साली, त्याने पॅरिसची मानववंशशास्त्र परिषद स्थापन केली. त्या वेळी फ्रान्सवर तिसऱ्या नेपोलियनचे राज्य होते. माणसाच्या उत्पत्तीची मोकळी चर्चा करणारी ही मंडळी सरकारला संशयास्पद वाटली. त्यांच्या बैठकीला पोलीस खात्याचा माणूस बसत असे. ब्रोका धर्मसत्तेला न जुमानणारा, प्रजासत्ताकवादी माणूस होता. मरणाआधी काही महिने, १८८० साली, तो फ्रान्सचा सेनेटरही झाला. हे सारे सांगायचे कारण एवढेच की पुढे जे घडले ते कोणा सनातन्याने केलेले नाही.

१८६१ च्या पहिल्या महिन्यांत ह्या परिषदेत एक वाद पेटला होता. मेंदूचा आकार आणि बुद्धी ह्यांचा काही संबंध आहे की नाही? ग्रातिओले नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने सांगितले, की नाही. ब्रोका उलट पक्षाचा होता. मेंदूचा आकार आणि बुद्धी ह्यांचा संबंध नसेल तर मानववंशांच्या मेंदूंचा अभ्यास करण्यात अर्थच काय, अशी त्याची भूमिका होती. ह्याच वादातून दुसरा प्रश्न निघाला. मेंदू सगळा एकजिनसी काम करतो, की त्याच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळी कामे वाटून दिलेली आहेत?

वाद चालू असतानाच, एप्रिल महिन्यात, बिसेत्र इस्पितळात ब्रोकाच्या शस्त्रक्रियेच्या विभागात एक रोगी आला. त्याचे नाव लबोर्न, वय एकावन्न. उजवी बाजू लुळी पडलेली आणि त्याच पायात विखार चढलेला. तो इस्पितळात आला तेव्हाच त्याची वाचा गेलेली होती. काहीही विचारले तरी तो 'तां, तां' एवढेच म्हणायचा. फार चिडला तर तोंडातून एक शिवी तेवढी निघे. इस्पितळात सगळे त्याला 'तां' म्हणूनच हाक मारत.

ब्रोकाने त्याला विचारले, तू इथे किती वर्षे आहेस? लबोर्नने हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवले. एकवीस वर्षे. उत्तर बरोबर होते. दुसऱ्या दिवशी ब्रोकाने पुन्हा तेच विचारले, तेच उत्तर आले. तिसऱ्यांदा विचारल्यावर, हा आपली परीक्षा घेतो आहे हे ओळखून लबोर्न चिडला आणि ती शिवी बाहेर पडली.

ह्या प्रसंगाशी थोडे थांबले पाहिजे. जवळजवळ एक पिढीभर ज्या माणसाला एका निरर्थक आवाजाच्या नावाने ओळखले गेले, त्याच्यासमोर बसून एक डॉक्टर त्याला त्याच्या स्वतःच्या खुणांनी उत्तर देऊ देतो, आणि नोंद करतो की ह्याची बुद्धी बऱ्याच अंशी शाबूत आहे. गेलेली आहे ती फक्त बोलण्याची शक्ती. वाचा नसणे म्हणजे बुद्धी नसणे नव्हे. १७ एप्रिलला लबोर्न वारला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकाने त्याचा मेंदू परिषदेपुढे मांडला. डाव्या अग्रखंडात इजा स्पष्ट दिसत होती. काही महिन्यांनी लेलाँ नावाचा दुसरा रोगी मिळाला. हा चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा मोजके पाच शब्द बोलू शके. त्याच्याही मेंदूत इजा त्याच भागात सापडली. १८६५ पर्यंत ब्रोकाने आणखी रोगी तपासून मांडले की बोलण्याचे काम मेंदूचा डावा गोलार्ध करतो.

ह्या शोधाचा प्रभाव किती मोठा म्हणावा! मेंदूतील कामांची जागा शोधण्याचे सारे आधुनिक शास्त्र ह्या दोन रोग्यांच्या मेंदूंवरून सुरू झाले. हे दोन्ही मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलेले होते. २००७ साली नव्या यंत्रांनी त्यांची चित्रे घेतली तेव्हा दिसले की इजा ब्रोकाने सांगितल्यापेक्षा बरीच खोल गेलेली होती. म्हणजे शास्त्राने ब्रोकाची दुरुस्ती केली, पण त्याने धरलेली वाट सोडली नाही. खऱ्या संशोधनाचे हेच लक्षण आहे.

आणि 'तां'? ब्रोकाने आडनाव नोंदले होते, पण दीडशे वर्षे जगभरच्या ग्रंथांत हा माणूस 'तां' म्हणूनच राहिला. २०१३ साली एका पोलिश इतिहासकाराने कागदपत्रे धुंडाळून त्याची ओळख जगापुढे आणली. लुई व्हिक्तोर लबोर्न, शाळामास्तराचा मुलगा. धंद्याने, जोडे ज्यावर बेततात ते लाकडी फर्मे करणारा कारागीर. त्याच्या जन्मगावी कातडी कमावण्यासाठी ओकच्या झाडाची साल दळणाऱ्या गिरण्या होत्या, आणि त्या दळलेल्या सालीला फ्रेंचमध्ये 'तां' म्हणतात. त्याच्या तोंडी उरलेला शब्द ह्या गिरण्यांवरून आला असेल काय, असा त्या इतिहासकाराचा तर्क आहे. तर्कच आहे, सिद्ध झालेले नाही. पण बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा वास ज्यांच्या घरादाराला होता त्यांना हा तर्क उगाच वाटणार नाही. शास्त्राला जे निरर्थक वाटले ते कदाचित एका कारागिराच्या गावाचे नाव सांगत होते.

३

आता दुसरा ब्रोका.

लबोर्नचा मेंदू ज्या सभागृहात मांडला गेला तिथेच हा दुसरा ब्रोका कवट्या मोजत होता. कवटीत शिशाचे छर्रे भरून तिचे आकारमान काढण्याची पद्धत त्याने इतकी काटेकोर केली की छर्रे किती वेगाने ओतायचे, कसे दाबायचे ह्याचेही नियम घातले. नवी उपकरणे बनवली. मोजमापाच्या सूचनांचे पुस्तक १८७५ साली काढले आणि १८७६ साली मानववंशशास्त्राची शाळा सुरू केली. युरोपातले अभ्यासक पॅरिसला येऊन हे शिकून गेले.

निष्कर्ष मात्र आधीच ठरलेले होते: गोरा वर, काळा खाली, पुरुष वर, बाई खाली, सुखवस्तू वर, कष्टकरी खाली. मानववंशांचे मूळ एक नसून अनेक आहे असे तो मानत होता, आणि फार दूरच्या वंशांच्या संकरातून होणारी प्रजा नीट वाढत नाही असेही त्याने लिहिले. 'वर्णसंकर' हा शब्द त्याला माहीत नव्हता. भीती ओळखीची होती.

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड ह्याने १९८१ सालच्या 'द मिसमेझर ऑफ मॅन' ह्या ग्रंथात ब्रोकाची फार मार्मिक चिकित्सा केली आहे. गूल्ड म्हणतो, ब्रोकाचे आकडे विश्वासार्ह आहेत. घोटाळा आकड्यांत नाही, आकड्यांच्या निवडीत आहे. (मॉर्टन ह्या दुसऱ्या कवटीमापकाविषयी गूल्डने जे लिहिले त्याला २०११ साली काही अभ्यासकांनी आव्हान दिले. तो वाद वेगळा. ब्रोकाच्या मोजणीवर गूल्डने मुळात आक्षेपच घेतलेला नाही.) दोन उदाहरणे पुरेत.

पहिले हाडांचे. कोपराखालच्या हाडाची लांबी भागिले वरच्या हाडाची लांबी, हे प्रमाण जितके जास्त तितका माणूस वानराच्या जवळ, असा समज होता. ब्रोकाने मोजले. काळ्यांचे प्रमाण ०.७९४, गोऱ्यांचे ०.७३९. हवे ते उत्तर मिळाले. पण पुढे एका एस्किमोच्या सांगाड्याचे प्रमाण निघाले ०.७०३, ऑस्ट्रेलियाच्या आदिवासीचे ०.७०९, आणि सारा बार्टमनचेही ०.७०३. ही सारा बार्टमन म्हणजे दक्षिण आफ्रिकेतून युरोपात नेऊन जिचे जिवंतपणी प्रदर्शन मांडले गेले ती खोईखोई बाई. १८१५ साली ती पॅरिसमध्ये मेली, तिचा सांगाडा संग्रहालयात ठेवला गेला, आणि २००२ साली तिला आपल्या मातीत मूठमाती मिळाली. ब्रोकाच्या मापाने ती गोऱ्या युरोपियनाहून वानरापासून अधिक दूर होती! मग ब्रोकाने काय केले? उतरंड चुकीची आहे असे म्हटले नाही. ही कसोटी निरुपयोगी आहे असे म्हणून कसोटी टाकून दिली आणि दुसरी शोधली.

दुसरे उदाहरण वजनाचे. ग्रातिओलेने त्याला पेचात पकडले: जर्मनांचे मेंदू फ्रेंचांपेक्षा सरासरी शंभर ग्रॅमने जड आहेत, मग जर्मन जास्त हुशार काय? ब्रोका लगेच हिशेबाला बसला. वय, शरीराची ठेवण, मरणाचे कारण ह्या सर्वांची वजावट केली आणि फरक पुसून टाकला. वजावट योग्यच होती. पण बायकांचा प्रश्न आला तेव्हा? २९२ पुरुषांच्या मेंदूंची सरासरी १३२५ ग्रॅम, १४० बायकांची ११४४ ग्रॅम. फरक १८१ ग्रॅम. बाईचे शरीर लहान असते, त्यामुळे मेंदू काहीसा लहान असणार हे ब्रोकाला कळत होते. तरी ती वजावट करून पाहण्याची त्याला गरज वाटली नाही. का? बायका बुद्धीने थोड्या कमी असतातच, हे त्याला आधीच ठाऊक होते.

स्वतःच्या माणसाचे माप कमी भरले तर परिस्थिती मोजायची, दुसऱ्याचे कमी भरले तर त्याची जात मोजायची, हा ब्रोकाचा तराजू आहे. काटा खरा आणि वजनेही खरी. कोणाला तोलताना पारड्यातून काय काढायचे हे मात्र तोलणारा ठरवतो.

ह्यावर कोणी समतेचे नाव काढले की ब्रोका उपदेश करी: शास्त्रात राजकारण आणू नका, भावना कितीही उदात्त असली तरी सत्यापुढे तिने वाकले पाहिजे. ही भाषा आपल्याला नवी नाही. विषमता मांडणारा तेवढा वस्तुनिष्ठ, आणि तिला प्रश्न विचारणारा प्रचारकी! दलित साहित्याला 'हे साहित्य नव्हे, प्रचार आहे' म्हणणाऱ्यांनी ब्रोका वाचलेला नव्हता. पण दोघांची शाळा एकच.

४

त्या सभागृहात ह्याला उत्तर कोणीच दिले नाही काय? दिले. ब्रोका वारल्यावर चार वर्षांनी, १८८४ साली, हैती बेटावरचा आंतेनोर फिर्मँ हा कृष्णवर्णीय वकील त्याच परिषदेचा सभासद झाला. गुलामांनी बंड करून जे राष्ट्र स्वतंत्र केले त्या राष्ट्राचा हा मुलगा. आपल्या वंशाची बुद्धी कमी कशी हे शांतपणे सिद्ध करणाऱ्या मंडळींच्या पंगतीला तो बसला, आणि पुढच्याच वर्षी, १८८५ साली, मानववंशांच्या समतेवर त्याने सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ पॅरिसमध्येच प्रसिद्ध केला.

फिर्मँने नुसता आक्रोश केला नाही. त्याने ब्रोकाची आणि त्याच्या शिष्यांची कोष्टके घेतली, ओळीने तपासली आणि दाखवले की ह्या सरासऱ्यांतून त्यांना हवी ती उतरंड निघतच नाही. एका मापाने वर असलेला समूह दुसऱ्या मापाने खाली जातो. परिषदेने ह्या ग्रंथाशी वाद घातला नाही. ती गप्प राहिली. इंग्रजी वाचकाला हा ग्रंथ मिळायला २००० साल उजाडावे लागले. विद्वत्तेच्या जगात एखाद्याला मारायचे तर त्याचे खंडन करावे लागत नाही. त्याची दखल न घेतली की पुरते. ब्रोकाचे नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात, फिर्मँचे एकातही नाही. विद्वानाचा 'प्रभाव' मोजताना हेही मोजले पाहिजे.

५

ब्रोकाच्या नासिका निर्देशांकाचा हिशेब सोपा आहे. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. आकडा लहान आला की नाक अरुंद, मोठा आला की रुंद. ब्रोकाने हे कवटीवर मोजले. त्याचा शिष्य पॉल तोपिनार ह्याने ह्या शास्त्राचे पाठ्यग्रंथ लिहिले आणि जिवंत माणसांच्या मोजणीची पद्धत बसवली. ती पद्धत उचलून हर्बर्ट रिस्ली हा इंग्रज सनदी अधिकारी १८८६ पासून बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानातल्या जातिजमातींची नाके-डोकी मोजवून घेऊ लागला. 'ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बेंगॉल' हे त्याचे खंड १८९१-९२ साली निघाले.

त्यातून रिस्लीने नियमच काढला: जातीची सामाजिक पत तिच्या नाकाच्या सरासरी रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असते. नाक जितके रुंद तितकी जात खाली! जात म्हणजे वंश. वरचे आर्य, खालचे जिंकलेले. मनूने जे ब्रह्म्याच्या तोंडापायांवरून सांगितले ते रिस्लीने नाकावरून सांगितले. मनूला देवाचा आधार लागला, रिस्लीला पॅरिसचा. हाच रिस्ली १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि त्याने जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार क्रमवारी लावण्याचा हुकूम काढला. मग गावोगावच्या जातिसभा आपली पायरी वर सरकवून घेण्यासाठी अर्ज घेऊन धावल्या. उतरंड मोडा असे म्हणणारे थोडे, आम्हांला एक मडके वर ठेवा म्हणणारे फार.

वरच्या जातींतल्या सुशिक्षितांना हे शास्त्र गोड लागले ह्यात नवल नाही. राज्यकर्त्या गोऱ्यांशी रक्ताचे नाते निघत होते. पॅरिसच्या कवट्यांच्या कपाटातून निघालेला आकडा असा आपल्या गावकुसापर्यंत पोचला.

६

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ह्या शास्त्राला कसे तोंड दिले ते नीट पाहिले पाहिजे, कारण त्यात आपल्यासाठी पद्धतीचा धडा आहे.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर ह्यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचविशीतल्या बाबासाहेबांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. गोल्डनवायझर हे फ्रांझ बोआसचे शिष्य, आणि बोआसने थोड्याच वर्षांपूर्वी दाखवले होते की अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांची डोकी आईबापांपेक्षा वेगळ्या मापाची निघतात. म्हणजे ज्या कवटीला अचल मानून सारी इमारत उभी होती ती कवटीच परिस्थितीने बदलते! अशा वातावरणात बाबासाहेबांनी मांडले की युरोपियन अभ्यासकांनी रंगाला अवास्तव महत्त्व दिले. जातीचे मर्म आहे जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीत. शरीरात शोधायची गोष्ट त्यांनी समाजाच्या व्यवहारात शोधली.

१९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात त्यांनी सांगितले की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे आहेत, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया एकाच वंशाचे आहेत. आणि १९४८ च्या 'द अनटचेबल्स' ह्या ग्रंथात, अस्पृश्यता वंशभेदातून आली ह्या स्टॅन्ली राइसच्या मताचा समाचार घेताना, त्यांनी नासिका निर्देशांकच हाती घेतला. आकडे डॉ. घुर्ये ह्यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात तपासलेले. घुर्ये काही जातिअंताचे सैनिक नव्हते; पण त्यांनी मापे पुन्हा तपासली तेव्हा रिस्लीचा नियम देशभर लागू पडेना. बाबासाहेबांनी त्या कोष्टकांवरून निष्कर्ष काढला: ब्राह्मण आर्य असेल तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असेल तर अस्पृश्यही द्रविड, ब्राह्मण नाग असेल तर अस्पृश्यही नाग.

ह्या मांडणीतला 'जर' फार महत्त्वाचा आहे. शरीरमापनाचे शास्त्र जर विश्वासार्ह असेल, तर ते तुमच्याच विरुद्ध साक्ष देते, असा हा युक्तिवाद आहे. बाबासाहेबांनी शत्रूचा तराजू क्षणभर हाती घेतला तो मोडण्यासाठी. आपल्या माणसांची प्रतिष्ठा त्यांनी त्या पारड्यात ठेवली नाही. अस्पृश्यतेचे मूळ त्यांनी लगेच पुढे इतिहासात शोधले: पराभूत टोळ्यांची वाताहत, बौद्धधम्म आणि ब्राह्मणी धर्म ह्यांचा संघर्ष, गोमांसाचा प्रश्न. त्यातल्या एखाद्या मुद्द्यावर मतभेद होऊ शकतो. पण अस्पृश्यता माणसांनी घडवली, म्हणून माणसांना ती मोडता येते, ही दिशा पक्की आहे. जे नाकात असते ते मोडता येत नाही.

फिर्मँ आणि बाबासाहेब ह्यांनी एकमेकांना वाचले होते असे मला म्हणायचे नाही. पण दोघांची रीत एक आहे: आधी प्रतिपक्षाचे कोष्टक पुरते वाचा, मग बोला.

७

हे सारे आता जुने झाले, असे कोणी म्हणेल. कवट्या आज कोणी मोजत नाही. खरे आहे. पण दोन ठिकाणी हा तराजू आजही लटकतो आहे, आणि त्यांतले एक आपल्याच अंगणात आहे.

पहिले ठिकाण 'गुणवत्ते'चे. वरच्या जातीतला मुलगा नापास झाला तर त्याची तब्येत, त्याची आवड, घरातल्या अडचणी मोजल्या जातात, वजावट होते. आपला मुलगा नापास झाला तर एकच गोष्ट मोजली जाते. जर्मनांच्या मेंदूला एक न्याय आणि बायकांच्या मेंदूला दुसरा, हेच ते. परीक्षेचे आकडे खोटे असतात असे आपण म्हणू नये. आकडे खरेच असतात. पारड्यातून काय वजा केले आणि काय केले नाही, हे विचारावे.

दुसरे ठिकाण अधिक अवघड आहे. आपल्या चळवळीतल्या काही मित्रांना रक्ताचा पुरावा हवासा वाटतो. २००१ साली बामशाद आणि त्याच्या सहकाऱ्यांचा एक जनुकशास्त्रीय निबंध प्रसिद्ध झाला. आंध्रातल्या विशाखापट्टणम परिसरातले नमुने तपासून त्यात म्हटले होते की वरच्या जाती युरोपियनांना अधिक जवळच्या दिसतात. आपल्या व्यासपीठांवरून तो निबंध वर्षानुवर्षे गाजला: पाहा, ते परके आहेत हे आता शास्त्रानेच सिद्ध केले! पुढे २०१३ साली मोठ्या अभ्यासातून दिसले की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात ह्या देशातले जवळजवळ सगळेच समूह एकमेकांत मिसळले, कोणात प्रमाण कमी, कोणात जास्त. आणि त्यानंतर मिसळणे थांबून जातीतल्या जातीत लग्ने सुरू झाली. म्हणजे जनुकशास्त्र फिरून फिरून १९१६ च्या त्या निबंधाच्या दाराशी आले. पण आपला आनंद ह्यावरही टांगू नये. उद्या तिसरा निबंध येईल, तो वेगळे सांगेल. तेव्हा काय करणार?

म. फुले ह्यांनी आर्यभटांच्या स्वारीची कथा सांगितली ती पुराणांना उलटे करून वाचण्यासाठी. कोणाचे नाक मोजण्यासाठी नव्हे. त्यांचा आधार घेऊन रक्ताच्या टक्केवारीवर चळवळ उभी करणे म्हणजे रिस्लीचे कोष्टक उलटे धरणे आहे. उलटे धरले तरी ते कोष्टक रिस्लीचेच राहते. ब्राह्मण परका आहे म्हणून ब्राह्मणशाही वाईट, असे नाही. तो इथलाच, आपल्याच रक्तामांसाचा असला तरी ब्राह्मणशाही तितकीच वाईट. आणि आपण मूळचे असू वा नसू, माणूस म्हणून आपला हक्क त्यावर अवलंबून नाही. समता हा प्रयोगशाळेतून मिळणारा दाखला नव्हे, ती आपली मागणी आहे. दाखल्यावर मिळालेली समता दुसऱ्या दाखल्याने रद्द होते.

ह्याचा अर्थ विज्ञानाकडे पाठ फिरवा असा मुळीच नाही. ती चैन आपल्याला परवडणारी नाही. ब्रोकाच्याच आयुष्यात विज्ञानाच्या दोन रीती शेजारी शेजारी उभ्या आहेत. कवट्यांच्या कपाटापुढे त्याला उत्तर आधीच माहीत होते, म्हणून इतकी वर्षे मोजूनही तो नवे काहीच शिकला नाही. लबोर्नच्या खाटेशी त्याला उत्तर माहीत नव्हते. त्याने विचारले, वाट पाहिली, आणि त्या माणसाच्या बोटांना साक्ष मानली. तिथे जगाला नवे ज्ञान मिळाले. आपल्या मुलामुलींनी विज्ञानात जावे, मेंदूच्या शास्त्रात तर जरूर जावे, आणि ही दुसरी रीत घेऊन जावे. ज्याला मोजायचे त्याला आधी विचारणारे संशोधक आपल्यातून निघाले पाहिजेत.

तूर्त तीन कामे करण्यासारखी आहेत. फिर्मँचा ग्रंथ मराठी वाचकापर्यंत पोचवला पाहिजे. 'द अनटचेबल्स'मधले वंशभेदाचे प्रकरण अभ्यासवर्गांतून कोष्टकांसकट शिकवले पाहिजे. नुसता निष्कर्ष घोकून चालणार नाही. आणि मानसशास्त्राच्या वर्गात ब्रोकाचा परिच्छेद आला की शिक्षकाने तिथे दोन मिनिटे जास्त थांबावे, लबोर्नचे पूर्ण नाव आणि धंदा सांगावा, आणि ह्याच ब्रोकाने नाके मोजण्याचे गणित कोणाच्या हाती दिले तेही सांगावे. परीक्षेत हा प्रश्न येणार नाही. तरी सांगावे.